परदेशातील गरीब स्त्रियांना मदत : कर्ज की बचत?

प्रश्न : परदेशातील गरजू स्त्रियांना स्वतःच्या पायावर उभे राहण्यास हातभार लावावा, अशी आम्हा काही मैत्रिणींची इच्छा आहे. लघुकर्जासाठी पैसे द्यावेत की अन्य मार्ग आहे?

प्रतिसाद १ : नायजरमध्ये (नायजेरियात नव्हे) केअर या संस्थेने १९९१ मध्ये मराडी भागात स्त्रियांचे बचत गट सुरू केले. त्यात बाहेरचे भांडवल नसते. बैठकीत जमलेली रक्कम सर्वांसमोर मोजून पेटीत ठेवतात आणि पेटीच्या तीन कुलुपांच्या किल्ल्या तीन वेगवेगळ्या जणींकडे असल्यामुळे एकटीला ती उघडताच येत नाही. त्याच पैशातून कर्जे देतात आणि ठरलेल्या मुदतीनंतर व्याजासह वाटणी होते. आपल्या भिशीची थोरली बहीणच म्हणा ना! देणगी लागते ती मुख्यतः प्रशिक्षणापुरती.

प्रतिसाद २ : पण जिच्याकडे शिल्लकच पडत नाही, तिने पेटीत काय टाकावे? बांगलादेशात ब्रॅक या स्वयंसेवी संस्थेने २००२ पासून अशा स्त्रियांना गाय किंवा शेळ्या, काही काळ निर्वाहभत्ता आणि सुमारे दोन वर्षे घरी येऊन मार्गदर्शन दिले. भत्ता नसेल तर पोटासाठी जनावरच विकावे लागते. हाच नमुना नंतर सहा देशांत तपासला गेला. होंडुरासमध्ये बऱ्याच कोंबड्या रोगाने दगावल्या, तरी एकंदर निष्कर्ष आशादायक होते.

प्रश्नकर्ती : आभारी आहे. मग कर्जाचा विचार तूर्त बाजूला ठेवतो.