जुन्नर ते नाणेघाट सायकलने, दोन दिवस, सोबत १५ वर्षांची मुलगी: सल्ला हवा

पाऊलखूण
नमस्कार. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि माझी मुलगी जुन्नरहून नाणेघाटापर्यंत सायकलने जाऊन परत यायचं म्हणतोय. सुट्टीत ती ब्राह्मी लिपी शिकली आणि नाणेघाटाच्या लेण्यात कोरलेला सातवाहन राणी नागनिकेचा लेख तिला तिथे उभं राहून वाचायचाय. माझी सायकल साधी एमटीबी (डोंगरवाटांची सायकल) आहे, पुढे सस्पेन्शन. तिची जुनी, २६ इंची चाकांची, रिम ब्रेकवाली, मागे सात गिअर, आणि जड. दोघांनी आजवर एका दिवसात ४० किमीपेक्षा जास्त चालवलेली नाही.

बेत असा: पहिल्या दिवशी लेण्याद्री, तुळजा लेणी, आपटाळे, चावंड किल्ल्याचा पायथा, घाटघरला मुक्काम. दुसऱ्या दिवशी पहाटे नाणेघाट आणि मग जुन्नर. सायकली सोडून दोघांचं बजेट ६,००० रुपये, त्यातच पुण्याहून येणं-जाणं. जमेल का? आणि सायकली पुण्याहून न्यायच्या कशा?

डोंगरयात्री७१
जमेल, पण ती जुनी सायकल नेऊ नका. मी गेल्या वर्षी २९ इंची चाकांची, हायड्रॉलिक डिस्क ब्रेकची घेतली. ६८ हजार गेले, पण ज्या चढावर आधी उतरून ढकलायचो तो आता बसून चढतो. मुलगी अजून दहा वर्षं चालवेल, पैसे वसूल होतील.

पाऊलखूण
दादा, बजेट ६,००० आहे.

डोंगरयात्री७१
वाचलं मी. हप्त्यांवर मिळते.

कुकडीकाठ
मी जुन्नरचाच. तुमचा पहिला दिवस चुकलाय. लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. त्या चढून-उतरून मांड्या भरल्या की पुढे सायकल नकोशी होईल. शिवाय लेण्याद्री जुन्नरच्या उत्तरेला, कुकडीपलीकडे, आणि तुम्हाला जायचंय पश्चिमेला. ती परतताना करा. तुळजा लेणी मात्र सोडू नका, पाडळीजवळ आहेत, वाटेवरच. तिथलं गोल चैत्यगृह (बौद्ध प्रार्थनागृह) बघा, मधल्या स्तूपाभोवती बारा खांब. आख्ख्या महाराष्ट्रात तसं क्वचितच बघायला मिळतं, आणि बहुतेक वेळा तिथे चिटपाखरू नसतं.

जुन्नर ते नाणेघाट एका बाजूने पस्तीसच्या आसपास धरा. आपटाळ्यापर्यंत रस्ता सोपा. चावंडच्या पुढे चढउतार सुरू होतात, एकच मोठा घाट असा नाही, पण एक चढ संपला की दुसरा येतो. डावी-उजवीकडे माणिकडोह धरणाचं पाणी दिसत राहतं. वेळ असेल तर वाट थोडी वाकडी करून पूरला कुकडेश्वराचं देऊळ बघा, कुकडी तिथेच उगम पावते.

अर्धविराम
ट्यूब न्या. दोन न्या. २६ इंची ट्यूब आता प्रत्येक दुकानात मिळत नाही.

सह्यवेडी
मी तीनदा गेले आहे नाणेघाटाला, एकदा सायकलने. माझा सल्ला: छोटा हत्ती ठरवून सायकली थेट वर न्या आणि वरून जुन्नरपर्यंत उतरत या. मुलीचा दमही वाचेल आणि लेण्यात सकाळी मोकळा वेळ मिळेल. चढत जाण्यात काही हशील नाही.

डोंगरयात्री७१
+१. उतरत या.

पाटीपुस्तक
सह्यवेडी ताईंशी सहमत. पण उतरताना जुन्या रिम ब्रेकवर भरवसा ठेवू नका. माझ्या भाच्याच्या सायकलीचे ब्रेकचे रबर उतारावर इतके झिजले की शेवटी धातूच रिमला घासत होता. नवे रबर लावा, जोडी दोनशेच्या आत मिळते. आणि ब्रेकची केबल दाबून पाहा, ती सुकलेली असते.

बाकी नाणेघाटाच्या तोंडाशी जो दगडी रांजण आहे, त्यात सातवाहन काळी जकातीची नाणी टाकत. त्यावरूनच नाणेघाट हे नाव. मुलीला हे नक्की सांगा.

ओवरी
पाटीपुस्तक, हे सगळीकडे लिहिलेलं असतं म्हणून खरं ठरत नाही. रांजणावर जकातीचा लेख नाही. वाटसरूंच्या पाण्यासाठीही तो असू शकतो, घाटात पाण्याची टाकी खोदलेली आहेतच. लेण्यातल्या मोठ्या लेखात यज्ञांची आणि दक्षिणेची यादी आहे, गाई, घोडे, हत्ती, हजारो कार्षापणं (तेव्हाची नाणी). जकातीचं तिथे काही नाही.

पाटीपुस्तक
जुन्नर आणि कल्याण-सोपाऱ्यामधला व्यापार याच वाटेने चालायचा हे तर मान्य आहे ना? एवढ्या मालावर राजा जकात घेणार नाही का?

ओवरी
घेत असेलच. रांजणातच घेत होता याला पुरावा काय?

कुकडीकाठ
रांजणासाठी वेगळा धागा काढा मंडळी, मुलगी सायकल चालवणार आहे.

एक गंभीर गोष्ट. जुन्नर तालुक्यात बिबटे आहेत, आणि उसाच्या पट्ट्यात जास्त. अंधार पडल्यावर उसाच्या कडेने सायकल चालवू नका, मुलांना तर मुळीच पुढे-मागे सोडू नका. पश्चिमेला आपटाळ्यापुढे ऊस कमी होत जातो, भातखाचरं आणि हिरड्याची झाडं लागतात, तरी घाटघरला पाचच्या आत पोचा. पहाटे निघायचं म्हणालात ते सहाला नको, चांगलं उजाडल्यावर निघा. नाणेघाट घाटघरहून तीन-चार किलोमीटरच आहे.

रानभैरी
बिबट्याच्या भीतीने कुठेच जायचं नाही का? मी रात्री दोनला नारायणगावहून सायकलने आलोय, एकटा.

कुकडीकाठ
तुम्ही आला असाल. आमच्याकडे ज्या घरांनी पोरं गमावली त्यांना हे सांगू नका.

चेनतेल
सायकली नेण्याबद्दल कुणीच नीट सांगितलं नाही. एसटीच्या टपाचा भरवसा धरू नका, कॅरिअर असलेली गाडी मिळेलच असं नाही. साधी हॅचबॅक असेल तर मागची सीट पाडा, दोन्ही सायकलींची पुढची चाकं काढा, दोघी एकमेकींवर उलट्या दिशेने बसतात, मध्ये जुनी गोधडी. सायकल आडवी ठेवताना गिअरची बाजू वर. माझा मागचा डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) गाडीत दबून, तो ज्यावर बसतो तो हँगर वाकला आणि चावंडला पोचल्यावर चेन थेट स्पोकमध्ये गेली. ट्रिप तिथेच संपली. डिस्क ब्रेकवाल्यांनी चाक काढल्यावर लिव्हर दाबू नये, पॅड आतल्या आत चिकटतात.

आणि मुलीच्या जुन्या सायकलीऐवजी नवीन सायकल नकोय. मागचं फ्रीव्हील, म्हणजे दातेरी चकत्यांचा संच, बदला. सात गिअरचंच, पण सर्वांत मोठी चकती ३४ दात्यांची. हजाराच्या आसपास काम होतं, सोबत नवी चेन टाका. चढावर जमीन-अस्मानाचा फरक पडतो. सीट वर घ्या: टाच पॅडलवर ठेवून पाय सरळ झाला पाहिजे. पोरांची सीट नेहमी बुटकी असते आणि मग गुडघे दुखतात.

पाऊलखूण
चेनतेल, हे अगदी हवं होतं. टायरमध्ये हवा किती ठेवू?

चेनतेल
डांबरावर ४०-४५ पीएसआय (पंपावरचा हवेच्या दाबाचा आकडा), वरच्या कच्च्या वाटेवर ३० पर्यंत उतरवा. मुलगी हलकी असेल तर तिच्या टायरला थोडी आणखी कमी चालेल. हातपंप सोबत हवाच.

अर्धविराम
आणि ट्यूब.

सह्यवेडी
मी अजूनही म्हणते, टेम्पो करा. वरच्या पठारावर कच्ची वाट चालवायला ताकद उरली पाहिजे, एमटीबीची खरी मजा तिथेच आहे.

लाडूराजगिरा
खाण्याबद्दल: राजगिरा लाडू, गूळ-शेंगदाणे, मीठ-साखर-लिंबाचं पाणी. घाटघरला घरगुती जेवण मिळतं, आदल्या दिवशी फोन करून सांगा. जुन्नरला मासवडी खाल्ल्याशिवाय परतू नका. आम्ही मोठ्या रिसॉर्टमध्ये राहिलो होतो, एका रात्रीचे आठ हजार, पण गरम पाण्याचा टब होता. पाय मोकळे झाले.

पाऊलखूण
सर्वांचे आभार. ठरलं ते असं. टेम्पो नाही. मुलगी म्हणते की जुन्नरच्या बाजारातून घाटाकडे माल जसा जायचा तसंच तिला जायचंय, आणि ज्या चढावर जमणार नाही तिथे ती सायकल ढकलेल. लेण्याद्री या वेळी पूर्ण रद्द, परततानाही नाही. कुकडीकाठ दादा, माफ करा. त्याऐवजी तुळजा लेण्यांत दोन तास. फ्रीव्हील, चेन, ब्रेकचे रबर बदलून घेतले, १,७५० झाले, ते सायकलीच्या खर्चात धरतोय. ट्यूब दोन घेतल्या.

कुकडीकाठ
लेण्याद्री सोडताय हे मला पटत नाही. तिथली ३० लेणी आणि गिरिजात्मज, अष्टविनायकातला एकच गणपती लेण्यात बसलाय. पण पोरीचं ऐका. टॉर्च विसरू नका. अक्षरांवर उजेड समोरून टाकू नका, बाजूने तिरपा टाका, मग खाचा उठून दिसतात. आणि भिंतीला हात लावू देऊ नका.

पाऊलखूण (आठवड्यानंतर)
जाऊन आलो. पहिल्या दिवशी जुन्नरहून घाटघरला पोचायला तुळजा धरून आठ तास लागले, चार चढ ढकलत चढलो. साडेचारला मुक्कामी. दुसऱ्या दिवशी लेण्यात टॉर्च तिरपा धरला आणि मागच्या भिंतीवर, जिथे मूर्तींची फक्त पावलं उरलीत, तिथे तिने एकेक अक्षर लावत 'सिमुक सातवाहनो' वाचलं, सातवाहनांच्या पहिल्या राजाचं नाव. मोठा लेख खूप झिजलाय, त्यातले मोजके शब्दच लागले. मग ती तासभर तिथून हलली नाही, आणि आम्हाला निघायला दहा वाजले.

उतारावर ब्रेकने साथ दिली. पंक्चर एक, माझ्याच टायरला, बाभळीचा काटा. प्रवास, मुक्काम, जेवण मिळून ४,६४० रुपये. मासवडी राहिली.

अर्धविराम
ट्यूब कामाला आली म्हणायची.