मदत हवी आहे: पेडल स्टील गिटारला पाचवा नी-लिव्हर कशासाठी जोडावा?

नमस्कार मंडळी,

इथे पेडल स्टील गिटार वाजवणारं कोणी आहे का? नसेल तरी हवायन गिटारवाल्यांनी आणि रागदारी जाणणाऱ्यांनी जरूर वाचा. अर्धा प्रश्न यंत्राचा आहे आणि अर्धा स्वरांचा.

मी टेक्सासमध्ये राहतो. मूळचा हवायन गिटारवाला, मांडीवर गिटार आडवी ठेवून बारने (तारांवर सरकवायच्या धातूच्या दांडीने) भावगीतं वाजवत आलो. इथे आल्यावर कंट्री संगीतातली पेडल स्टील ऐकली आणि तिच्या प्रेमात पडलो. आता एक वापरलेली दहा तारांची, ई-नाइन ट्यूनिंगची गिटार घेतली आहे. ऑल-पुल पद्धतीची (स्वर चढवणं-उतरवणं दोन्ही रॉड ओढून होतं), तीन पेडल, चार नी-लिव्हर म्हणजे गुडघ्याने हलवायचे लिव्हर. शनिवारी स्थानिक कंट्री बँडमध्ये वाजवतो आणि मराठी मंडळाच्या कार्यक्रमात भावगीतं. दोन्हीकडे तीच गिटार न्यायची आहे.

ज्यांना हे वाद्य माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हवायन गिटारवर बार सरकवला की त्याखालच्या सगळ्या तारा एकदम वर-खाली होतात. पेडल स्टीलवर बार जागच्या जागी ठेवून एकच तार सरकवता येते, बाकीच्या तारा गुंजत राहतात. पेडल पायाने दाबायचं, लिव्हर गुडघ्याने ढकलायचा. खाली रॉड ओढला जातो आणि गिटारच्या टोकाचा चेंजर ती तार ठरावीक स्वरापर्यंत ताणतो किंवा सैल करतो. १९५४ साली स्टीलवादक बड आयझॅक्स यांनी कंट्री गायक वेब पियर्स यांच्या गाण्यात हा आवाज ऐकवला आणि कंट्री संगीताचं केंद्र असलेल्या नॅशव्हिलचे सगळे स्टीलवाले पेडलांच्या मागे लागले. आयझॅक्स एका पेडलने जे दोन बदल एकदम करत, ते दुसरे स्टीलवादक बडी एमन्स यांनी दोन पेडलांत वेगळे केले. आजचे ए आणि बी पेडल तेच.

माझ्या डोक्यात हे सगळं सरगममध्येच बसतं. ई म्हणजे सा धरा. पहिल्या तारेपासून, म्हणजे वादकापासून सगळ्यात लांबच्या तारेपासून, क्रम असा: रे, नी, ग, सा, प, ग, रे, सा, कोमल नी, प. (पहिल्या दोन तारा चढत्या-उतरत्या क्रमात नाहीत, सुरुवातीला हात फार गोंधळतो.) ए पेडल पंचमाला धैवतावर नेतं. बी पेडल गंधाराला शुद्ध मध्यमावर नेतं. सी पेडल चौथ्या तारेचा सा रेवर आणि पाचवीचा प धवर नेतं. डाव्या गुडघ्याने डावीकडे ढकललं की दोन्ही सा कोमल रेवर चढतात, उजवीकडे ढकललं की शुद्ध नीवर उतरतात. उजव्या गुडघ्याने डावीकडे ढकलल्यावर पहिल्या तारेचा रे कोमल ग होतो. उजवीकडे ढकलल्यावर दुसरी तार नीवरून आधी कोमल नी आणि मग ध, आणि नववी कोमल नीवरून ध.

आता अडचण. दोन बदल हवेत आणि जागा एकाच लिव्हरची आहे. डाव्या गुडघ्याने वर उचलायचा लिव्हर जोडता येईल, तेवढी जागा खाली मोकळी आहे. उमेदवार असे:

पहिला, पाचव्या आणि दहाव्या तारेचा प तीव्र मध्यमावर उतरवणं. यमनासाठी मला हा जीव की प्राण वाटतो. सा आणि ग धरून ठेवायचे, प खाली तीव्र मवर न्यायचा आणि परत सोडायचा. बारने हे करायला गेलं तर सा पण सरकतो. कंट्रीतही उपयोग आहे: ए आणि बी दाबून म-ध-सा लागलेले असताना हा लिव्हर उचलला की धैवत कोमल होतो, मेजरचं मायनर होतं.

दुसरा, सहाव्या तारेचा ग रेवर उतरवणं. रे सातव्या तारेवर आहेच, पण गवरून रेवर घसरत येणं तिथे नाही. भावगीतात ती जागा पावलोपावली लागते.

बँडमधले लोक म्हणतात दुसरा आधी घे. माझं मन पहिल्याकडे आहे. कोणता घ्यावा आणि का?

प्रतिसाद १

मी ओहायोत आहे, बरीच वर्षं ई-नाइन वाजवतोय. तुमचा प्रश्न एका लिव्हरचा वाटतोय, पण खरा प्रश्न कोणता बदल कोणत्या गुडघ्याला द्यायचा हा आहे. एकाच गुडघ्याच्या दोन दिशा एकाच वेळी वापरता येत नाहीत. म्हणून सा चढवणं आणि सा उतरवणं समोरासमोर ठेवतात, ते दोन्ही एकदम कधीच लागत नाहीत.

आता हाच निकष तुमच्या दोन बदलांना लावा. ग ते रे हा बदल सा ते नी या बदलाबरोबर फार सुंदर लागतो. दोन्ही एकत्र केले की प, नी, रे, म्हणजे त्याच फ्रेटवर पंचमाचा मेजर कॉर्ड, बार न हलवता. सा ते नी तुमच्या डाव्या गुडघ्यावर आहे. मग ग ते रे पण डाव्याच गुडघ्याच्या उभ्या लिव्हरवर ठेवला तर गुडघा उजवीकडे ढकलून शिवाय वर उचलायचा. अशाने हळू चालीत कधीतरी जमेल, गाण्याच्या लयीत नाही. हा बदल उजव्या गुडघ्यालाच हवा.

प ते तीव्र म मात्र ए आणि बी पेडलांबरोबर लागतो, सा ते नी बरोबर क्वचितच. म्हणून उभा लिव्हर त्याला द्या. आणि उजव्या गुडघ्याच्या डाव्या दिशेला पहिल्या तारेचा रे ते कोमल ग आहे, तिथेच सहाव्या तारेचा ग ते रे जोडा. कोमल गंधाराची काळजी करू नका. बी पेडल आणि हा लिव्हर एकदम लावले की सहावी तार म आणि रेच्या मधे थांबते. ती जागा नीट लावून घेतली की कोमल ग मिळतो, म्हणून पहिल्या तारेचा तो रॉड पुढे काढूनही टाकता येईल. दोन्ही बदल मिळतात.

दोन गोष्टी आधी तपासा. सहावी तार वाउंड (गाभ्यावर बारीक तार गुंडाळलेली) आहे का? असेल तर पूर्ण स्वर उतरवायला चेंजरचा पल्ला कमी पडू शकतो. वाउंड तारेचा गाभा बारीक असतो, तेवढ्याच ओढीत तिचा स्वर कमी बदलतो. ०.०२० इंची प्लेन (न गुंडाळलेली) तार लावा. दुसरं, उजवा पाय व्हॉल्यूम पेडलवर असतो. गुडघा ढकलताना घोटा हलला की आवाजही वर-खाली होतो. उजव्या लिव्हरचा प्रवास कमीत कमी ठेवा आणि आधी फक्त त्याचाच रियाज करा.

प्रतिसाद २

पेडल स्टील कधी हातात घेतली नाही, पुण्यात हवायन गिटार शिकवतो. मला वाटतं तीव्र मध्यमाची एक बाजू राहिली. लिव्हरने येणारा स्वर रॉडच्या टोकाला फिरवायच्या नटवर लावलेल्या जागी जाऊन थांबतो. यमनातला तीव्र म पंचमाला किती चिकटलेला हवा हे गाणारा ठरवतो. तो नट ट्यूनरच्या काट्यावर लावणार की तंबोऱ्यावर?

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. प्रतिसाद १, एकत्र लागणारे बदल वेगळ्या गुडघ्यांवर हा विचार मी केलाच नव्हता. मी फक्त कोणता बदल जास्त आवडतो एवढंच तोलत होतो. सहावी तार वाउंडच निघाली, प्लेन मागवतो.

गुरुजी, तुमचा प्रश्न इथल्या स्टीलवाल्यांनाही पडतो हे ऐकून बरं वाटेल. बहुतेकजण गंधार ट्यूनरच्या काट्यावर ठेवत नाहीत, जवळपास १४ सेंट (अर्ध्या स्वराचे शंभर सेंट) खाली लावतात, कारण तिथे कॉर्ड शांत होतो. तोच तंबोऱ्यातला स्वयंभू गंधार. पहिल्यांदा तो नट फिरवताना बीट्स (न जुळलेल्या स्वरांची थरथर) मंद होत होत थांबले, तेव्हा खरजाच्या तारेतून गंधार ऐकू यायचा तेच आठवलं. तीव्र मध्यमही तंबोऱ्यावरच लावीन, आणि गुडघा अर्धवट उचलून मींड घेता येते का तेही बघेन.

आता पुढचा प्रश्न. उभा लिव्हर उचलताना माझा पाय पेडलांवरून सुटतो. ए-बी दाबून कोमल धैवत घ्यायला गेलो की मध्यमही घसरतो. (शेजारच्या गावातल्या एकाच्या गिटारवर करून पाहिलं.) शिवाय पाचवी आणि दहावी तार एकदम खाली उतरत नाहीत, दहावी मागे राहते. ती गिटारची खोड की लावण्याची?

प्रतिसाद १

लावण्याची. दहावी जाड वाउंड आहे, तिला जास्त ओढ लागते. तिचा रॉड बेलक्रँकच्या (रॉड ज्यात अडकतो त्या भोकांच्या पट्टीच्या) शाफ्टपासून लांबच्या भोकात घाला, पाचवीचा आतल्या भोकात. लिव्हर थोडा जड होईल, पण दोन्ही बरोबर पोचतील. ए पेडलबरोबरचा कोमल ध खाली राहत असेल तर पाचव्या तारेच्या चेंजरची तिसरी खाच मोकळी आहे. दोन खाचा ए आणि सी पेडलांनी घेतल्या आहेत. तिथे उभ्या लिव्हरचा एक जादा रॉड घाला आणि दोन्ही दाबून त्याच्या नटने स्वर वर आणा.

पायाचं म्हणाल तर मांडी उचलू नका. पायाची बोटं पेडलांवर तशीच दाबून ठेवा आणि फक्त टाच वर करा, गुडघा आपोआप वर जातो. लिव्हर मांडीच्या वर बोटभर अंतरावर असला पाहिजे, त्याहून लांब असेल तर पाय सुटणारच. बसायच्या स्टुलाची उंची आधी पक्की करा, मग लिव्हर जोडा. उलट केलंत तर स्टूल बदललं की सगळं पुन्हा लावावं लागेल.