मदत हवी आहे : बेहाइम यांच्या खात्यात विजय १०१५ लिहायचे की १११६?

अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलच्या मुख्य प्रशिक्षकांचा मराठी तक्ता करतोय. सिरॅक्यूज विद्यापीठाच्या जिम बेहाइमपाशी (१९७६ ते २०२३) अडलोय. मैदानावरची कामगिरी (विजय-पराभव) १११६-४४१; कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएएने २०१५च्या कारवाईत १०१ विजय रद्द केल्याने अधिकृत नोंद १०१५-४४१. रद्द झालेला विजय पराभवात धरत नाहीत, तो नुसता गळतो. त्यामुळे टक्केवारी ७१.७ वरून ६९.७ होते. मुख्य रकान्यात अधिकृत आकडा आणि खाली टीप, हेच मला रास्त वाटतं. पण हंगामवार बेरीज जुळायला कोणत्या हंगामातून किती विजय वजा करायचे?

शिवाय ड्यूक विद्यापीठ, १९९४-९५ : संघ १३-१८, पण पाठीच्या दुखण्याने बाहेर बसलेल्या मुख्य प्रशिक्षक माइक शशेफ्स्कींच्या नावावर ९-३ एवढंच. उरलेले ४-१५ बदली प्रशिक्षकाच्या वेगळ्या ओळीत दाखवू का?