मदत हवी आहे: गिट स्टेटसला १४ सेकंद लागतात

नमस्कार मंडळी. अंधेरीच्या ऑफिसात आमची गिटची (कोडमधले बदल नोंदवणारं साधन) एकच मोठी रेपो, म्हणजे कोडचा साठा आहे, सुमारे २ लाख फायली. विंडोज लॅपटॉपवर ‘गिट स्टेटस’ (काय बदललंय ते दाखवणारी कमांड) मारलं की १४ सेकंद कर्सर नुसता लुकलुकत राहतो. दिवसातून पन्नासदा हेच, जीव मेटाकुटीला येतो. घरी डोंबिवलीलाही तसंच, म्हणजे नेटवर्कचा दोष नाही.

परफॉर्मन्स ट्रेस (कुठल्या पायरीला किती वेळ जातो त्याची नोंद) काढला: इंडेक्स (गिटकडची फायलींची यादी) ताजा करायला २ सेकंद, बाकी जवळजवळ सगळा वेळ अनट्रॅक्ड (गिटमध्ये अजून न जोडलेल्या) फायली शोधण्यात. ‘गिट जीसी’ने काडीचा फरक पडला नाही, ते जुने ऑब्जेक्ट आवरतं, वर्किंग फोल्डर नाही. अनट्रॅक्ड कॅश (त्या शोधाचा निकाल लक्षात ठेवणारी सोय) लावल्यावर ९ सेकंदांवर आलं.

आता २.३७ आवृत्तीपासून गिटमध्येच आलेला एफएसमॉनिटर (फायलींतले बदल टिपत राहणारी सोय) चालू करू का? की अँटीव्हायरस मध्ये पडतोय? ते नक्की कसं तपासायचं? कुणी केलं असेल तर कृपया सांगा.