बोझमनच्या (मोंटाना) हिवाळ्यात वडीलधाऱ्यांना छपराखाली काय दाखवावे?

मूळगाव_वरोरा :

नमस्कार. नोकरीनिमित्त आम्ही यंदा मोंटाना राज्यातील बोझमन येथे राहायला आलो असून, माझे आई-बाबा डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांत होईपर्यंत आमच्याकडे असतील. त्यांनी उन्हाळ्यात यावे असे आम्हालाही वाटत होते. परंतु मुलीची नाताळची सुट्टी आणि माझी रजा यांचा मेळ याच दिवसांत बसतो आणि तिकिटेही काढून झाली आहेत, तेव्हा हिवाळ्यात का आणता, या प्रश्नाला आता अर्थ उरलेला नाही.

बाबा भूगोलाचे निवृत्त शिक्षक आहेत. वय एकाहत्तर, रक्तदाबाची गोळी चालू आहे; पण कुठेही नेले तरी भिंतीवरचा प्रत्येक फलक वाचल्याशिवाय ते पुढे सरकत नाहीत. आईचे गुडघे दुखतात आणि बर्फावरून घसरून पडण्याची तिने आत्तापासूनच धास्ती घेतली आहे. मुलगी दहा वर्षांची आहे. कार्यालयात कोणालाही विचारले की ब्रिजर बोल आणि बिग स्काय येथील स्कीइंगपलीकडे उत्तर मिळत नाही, आणि आमच्यापैकी कोणालाही ते करायचे नाही. खिडकीतून बर्फ पाहण्याची हौस दोन-चार दिवसांत फिटेल; त्यानंतर या तिघांना घेऊन छपराखाली, ऊब असेल अशा ठिकाणी कुठे जावे, याबद्दल येथे राहिलेल्या मंडळींचे मार्गदर्शन मिळाल्यास आभारी राहीन.

गॅलटिनकाठ :

आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आपल्या वडिलांच्या पेशातच आहे. मोंटाना स्टेट युनिव्हर्सिटीच्या आवाराला लागून असलेले म्युझियम ऑफ द रॉकीज हे डायनोसॉरच्या जीवाश्मांसाठी जगभर नावाजलेले संग्रहालय असून, फलक वाचत जाणाऱ्या माणसाला ते एका दिवसात पुरत नाही. म्हणून ते 'उरकण्याच्या' यादीत न घालता मुक्कामाचा मुख्य कार्यक्रम समजावे आणि दोन वेगवेगळ्या दिवशी जाण्याची तयारी ठेवावी.

दारातच टायरॅनोसॉरसचा प्रत्यक्ष आकाराचा ब्राँझचा सांगाडा उभा आहे. कॅथी वँकेल नावाच्या, गुरांचे रँच चालवणाऱ्या बाईंना १९८८ साली फोर्ट पेक जलाशयाजवळ काही हाडे सापडली. त्यातून जो सांगाडा निघाला त्याची ही प्रतिकृती आहे. मूळ हाडे २०१४ मध्ये पन्नास वर्षांच्या कराराने वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे गेली, त्यामुळे आत दिसतो तो दुसरा, १९९७ मध्ये सापडलेला टायरॅनोसॉरस आहे. बाहेरच्या सांगाड्यापाशी छायाचित्रासाठी पाच मिनिटांहून जास्त थांबू नये. तेथे वारा फार लागतो.

मला स्वतःला आतली सर्वांत मोलाची जागा वाटते ती ट्रायसेराटॉप्स या तीन शिंगांच्या डायनोसॉरच्या कवट्यांची रांग. अगदी लहान पिल्लापासून पूर्ण वाढलेल्या प्राण्यापर्यंतच्या कवट्या क्रमाने मांडलेल्या आहेत, आणि सावकाश पाहत गेल्यास डोळ्यांवरची शिंगे लहानपणी मागे वळलेली असतात व वय वाढेल तशी ती पुढे झुकतात, हे फलकाच्या मदतीशिवायही उमगते. एकाच प्राण्याचे वय न ओळखल्यामुळे त्याला निरनिराळ्या जातींची नावे कशी दिली गेली असतील, हे वर्गात तासभर बोलूनही पटवता येणार नाही इतक्या सहजपणे येथे पटते. माईआसौरा या पिल्ले सांभाळणाऱ्या डायनोसॉरची माहितीही आवर्जून पाहावी. चोटो या गावाजवळच्या घरट्यांच्या आधारे जॅक हॉर्नर आणि बॉब मॅकेला या जीवाश्म-अभ्यासकांनी १९७९ मध्ये त्याचे नामकरण केले. हॉर्नर पुढे अनेक वर्षे याच संग्रहालयात होते.

आपण वरोऱ्याचे आहात म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. आपल्या तालुक्यातील पिजदुरा येथे डायनोसॉरचे जे अवशेष सापडतात, तेही साधारण याच काळातील, म्हणजे क्रिटेशस कालखंडाच्या अखेरचे आहेत. तेथील अश्मीभूत विष्ठेत गवताचे सूक्ष्म अवशेष मिळाल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि डायनोसॉरच्या काळात गवत नव्हते ही समजूत बदलावी लागली. बाबांना हे बहुधा ठाऊक असेलच. नातीला येथल्या सांगाड्यांपुढे उभे करून गावाकडची ही हकिगत त्यांनी सांगावी.

याच इमारतीत टेलर तारांगण आहे आणि लहान मुलांसाठी यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानावर आधारित वेगळे दालन आहे. मात्र ते दालन दहा वर्षांच्या मुलीला किंचित बाळबोध वाटेल. तारांगणाचा खेळ पहिल्या आठवड्यात ठेवू नये. भारताच्या वेळेशी साडेबारा तासांचा फरक असल्याने त्या अंधारात आणि आरामखुर्चीत वडीलधारी मंडळी हमखास झोपतात.

आता वेळापत्रकाबद्दल. थंडीने माणूस जेवढा दमत नाही तेवढा तो दर वेळी कोट, कानटोपी, हातमोजे आणि जड बूट चढवण्या-उतरवण्याने दमतो. दिवसाला तीन ठिकाणे ठरवली तर घर, गाडी आणि इमारत मिळून हा खटाटोप सहा-सात वेळा होतो, आणि गुडघे दुखणाऱ्या व्यक्तीसाठी खरी जोखीमही त्याच पावलांत, म्हणजे पार्किंगपासून दारापर्यंतच्या अंतरात असते. यासाठी दिवसाला एकच ठिकाण ठरवावे, आईंना दाराशी उतरवून मग गाडी लावावी, आणि बाहेर पडणे अकरा ते चार या वेळेतच बसवावे. डिसेंबरात येथे पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि दुपारी वितळलेले पाणी लगेच पुन्हा गोठते. दिवसा कोरडा दिसलेला फरसबंद रस्ता संध्याकाळी काचेसारखा होतो. बुटांवर ओढून बसवायचे खिळ्यांचे रबरी पट्टे खेळाच्या सामानाच्या दुकानात मिळतात, ते आईंसाठी आल्या दिवशीच आणावेत. फक्त इमारतीत शिरताना ते काढायला विसरू नये, कारण गुळगुळीत फरशीवर तेच पट्टे घसरतात.

निळा_डोंगर :

वरील सर्व सूचनांशी मी सहमत आहे. त्यात अमेरिकन कॉम्प्युटर अँड रोबोटिक्स म्युझियमची भर घालतो. १९९० मध्ये स्थापन झालेले हे छोटे संग्रहालय विद्यापीठाच्या परिसरातच आहे. कीलाकार लिपीतील मातीच्या पाट्यांपासून दुसऱ्या महायुद्धातील गुप्त संदेशांचे एनिग्मा यंत्र आणि अपोलो यानांचा मार्गदर्शक संगणक इथपर्यंतचा प्रवास तेथे दाटीवाटीने मांडलेला आहे. अपोलोचा संगणक पाहून मुलीने "याला पडदा कुठे आहे?" असे विचारले, तर आजोबांना अर्ध्या तासाचे काम मिळेल. जागा लहान असल्याने आईंना फार चालावे लागत नाही.

मेन स्ट्रीटवरील गॅलटिन हिस्ट्री म्युझियमही बरे आहे, पण सर्वांसाठी नाही. १९११ साली बांधलेल्या तुरुंगाच्या इमारतीत ते असून कोठड्या आणि फाशीची जागा जतन केलेली आहे. १९२४ मध्ये तेथे एकाला फाशी दिल्याची नोंद आहे. बाबांना ते आवडेल. आईंना त्या वेळात जवळच्या एमर्सन सेंटरमध्ये न्यावे. जुन्या शाळेच्या इमारतीतील वर्गखोल्यांत आता कलावंतांच्या कार्यशाळा आणि चित्रदालने आहेत. या छोट्या ठिकाणांच्या हिवाळी वेळा उन्हाळ्यापेक्षा कमी असतात, म्हणून निघण्यापूर्वी दूरध्वनी करावा.

शहरातील स्ट्रीमलाइन बस भाडे घेत नाही. तरीही कडाक्याच्या थंडीत थांब्यावर वडीलधाऱ्यांना उभे करण्याचा सल्ला मी देणार नाही.

ओलेती_सकाळ :

माझ्या सासूबाई जानेवारीत येथे होत्या आणि त्यांना सर्वांत जास्त आवडले ते गरम पाण्याचे कुंड, त्यामुळे त्याचा उल्लेख अजून कोणी केला नाही याचे नवल वाटले. शहराच्या पश्चिमेला फोर कॉर्नर्सपाशी बोझमन हॉट स्प्रिंग्स आहे. तेथे इमारतीच्या आत आणि बाहेर मिळून अनेक तलाव असून पाण्याचे तापमान सुमारे १५ अंश सेल्सियसपासून ४१ अंशांपर्यंत वेगवेगळे ठेवलेले असते. दुखऱ्या गुडघ्यांना कोमट पाण्यात बसल्याने आराम वाटतो. मात्र आपल्या वडिलांना रक्तदाबाचा त्रास असल्याने डॉक्टरांना आधी विचारावे, सर्वांत गरम तलाव टाळावा, दहा-पंधरा मिनिटांनी बाहेर येऊन पाणी प्यावे आणि गरम तलावातून थेट गार तलावात उतरण्याचा तरुणांचा खेळ त्यांनी करू नये.

आपल्याकडच्या बायकांची खरी अडचण कपड्यांची असते, आणि ती कोणी मोकळेपणाने बोलत नाही. सासूबाईंनी आयुष्यात पोहण्याचा पोशाख घातला नव्हता. सुती कपडे घालून पाण्यात उतरू देत नाहीत असा नियम अशा बहुतेक ठिकाणी असतो, म्हणून आम्ही पूर्ण बाह्यांचा आणि घोट्यापर्यंतचा नायलॉनचा पोशाख आधीच मागवून घेतला आणि तो चालेल याची खात्री करून घेतली. पहिल्या दिवशी त्या काठावर पाय सोडून बसल्या, त्यानंतरच्या खेपेला कमरेपर्यंत उतरल्या आणि मग निघायचे नाव घेईनात. आपल्या आईंनाही काठावर बसण्याची मुभा द्यावी, आग्रह करू नये. केस पूर्ण वाळवल्याशिवाय बाहेर पडू नये, कारण ओले केस गाडीपर्यंत पोहोचेस्तोवर कडक होतात.

घरातील हवेबद्दलही लिहिते. हीटरमुळे हवा इतकी कोरडी होते की ओठ फुटतात आणि कधी कधी नाकातून रक्त येते. वडीलधारी मंडळी त्याने घाबरतात. निजायच्या खोलीत ह्युमिडिफायर ठेवावा आणि नाकपुड्यांत रात्री व्हॅसलिनचे बोट फिरवावे. बोझमनची उंची सुमारे १,४६० मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरापेक्षा थोडी जास्त आहे. बहुतेकांना ती जाणवत नाही, पण पहिले एक-दोन दिवस घरीच काढलेले बरे.

रानवाटा :

छपराखालीच राहायचे असेल तर गाडीचे छप्परही धरावे, असे मी सुचवेन. यलोस्टोनमधील बहुतेक रस्ते हिवाळ्यात सामान्य गाड्यांना बंद असतात. परंतु गार्डिनर येथील उत्तर प्रवेशद्वारापासून मॅमथ हॉट स्प्रिंग्समार्गे कुक सिटीपर्यंतचा रस्ता वर्षभर खुला ठेवतात. त्या वाटेवरील लामार खोऱ्यात काच न उतरवताही गवे (अमेरिकन बायसन) दिसतात. डोके दोन्ही बाजूंना झाडून बर्फ उकरत खालचे गवत शोधणारा गवा आपल्या वडिलांना भूगोलाच्या कोणत्याही पुस्तकात भेटला नसेल. गाडीतून उतरल्यास गव्यांपासून किमान २५ यार्ड आणि लांडगे व अस्वलांपासून १०० यार्ड अंतर राखण्याचा नियम आहे. मॅमथ येथील ऑलब्राइट माहिती केंद्रात ऊब आणि स्वच्छतागृह दोन्ही मिळतात.

गॅलटिनकाठ :

रानवाटा यांची सूचना मोहक आहे, पण सरसकट देण्याजोगी नाही. गार्डिनर बोझमनपासून सुमारे १३० किलोमीटरवर आहे. वाटेत बोझमन घाट ओलांडावा लागतो आणि पुढे लिव्हिंग्स्टनच्या वाऱ्याने उंच गाड्यांना तो रस्ता अनेकदा बंद होतो. प्रश्नकर्ते स्वतः या प्रदेशातील पहिलाच हिवाळा काढत आहेत. हिवाळी टायर लावलेली गाडी, बर्फावर चालवण्याचा सराव, आणि निघण्याच्या सकाळी राज्य परिवहन विभागाच्या ५११ सेवेवर रस्त्याची स्थिती पाहणे, या तीनही गोष्टी जमत असतील तरच जावे. ओळखीच्या एका कुटुंबाला भाड्याच्या गाडीवर साधे टायर मिळाले आणि ते घाटाच्या पायथ्यावरूनच परतले. परतले हे शहाणपणाचे झाले.

मूळगाव_वरोरा :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पहिले दोन दिवस घरी, त्यानंतर संग्रहालयाची पहिली फेरी, एक दिवस विश्रांती आणि मग गरम पाण्याचे कुंड, असे ठरवत आहोत. गार्डिनरचा बेत एका अनुभवी सहकाऱ्याने गाडी चालवण्याची तयारी दाखवली तरच करू. पिजदुऱ्याचा उल्लेख बाबांना फोनवर वाचून दाखवला. ते तेथे विद्यार्थ्यांची सहल घेऊन गेले होते आणि आता या संग्रहालयात कोणाला भेटून त्याविषयी विचारता येईल का, असे विचारत आहेत. शेवटची एक शंका : संध्याकाळी पाचनंतर घरात बसून सर्वांना कंटाळा येईल, त्या वेळेसाठी काही आहे का?

निळा_डोंगर :

संग्रहालयाला आठवडाभर आधी ईमेल करावा आणि वडील निवृत्त शिक्षक असल्याचे लिहावे. तेथील मंडळी शिक्षकांशी आपुलकीने बोलतात, असा माझा अनुभव आहे.

संध्याकाळसाठी दोन गोष्टी सुचवतो. मेन स्ट्रीटवर १९१९ साली उघडलेले एलन थिएटर आहे. तेथे नाटके, गाण्याचे कार्यक्रम आणि जुने चित्रपट होतात. दुसरे म्हणजे विद्यापीठाच्या ब्रिक ब्रीडन फील्डहाउसमधील बास्केटबॉलचे सामने. खेळ कळला नाही तरी बँड, घोषणा आणि लाकडी तुळयांचे ते प्रचंड छत यांत वेळ मजेत जातो. आईंसाठी तिकीट काढताना पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत अशी जागा मागावी आणि सामना सुटण्याच्या पाच मिनिटे आधी निघावे, म्हणजे गर्दीत बर्फावरून चालावे लागणार नाही.