गोबी आणि ओर्खोन खोऱ्यात पशुपालक कुटुंबांसोबत राहण्याविषयी मार्गदर्शन हवे आहे

कृष्णाकाठ

सर्वांना नमस्कार. मी आणि माझे यजमान, दोघेही निवृत्त शिक्षक, येत्या उन्हाळ्यात मंगोलियाला जाण्याच्या विचारात आहोत. माझे वय ६१ आहे आणि त्यांचे ६६. त्यांचा उजवा गुडघा दुखरा आहे, एरवी दोघांचीही प्रकृती उत्तम आहे. भूगोल शिकवताना मी जवळजवळ तीस वर्षे फळ्यावर गोबीचे वाळवंट, स्टेपचा गवताळ पट्टा आणि नमद्याचा गोल तंबू काढत आले. तो तंबू आणि त्यात राहणारी माणसे एकदा स्वतः पाहावीत ही इच्छा तेव्हापासूनची आहे.

आमच्यासमोर दोन आराखडे आहेत. पहिला १४ दिवसांचा असून त्यात गोबी, ओर्खोन खोरे, उत्तरेचे खोव्सगोल सरोवर आणि अगदी पश्चिमेकडील गरुड पाळणारी कझाक कुटुंबे असे सर्व काही आहे, आणि जवळजवळ प्रत्येक रात्र नव्या कुटुंबाकडे आहे. दुसरा ११ दिवसांचा आहे. त्यात फक्त गोबी आणि ओर्खोन असून दोन ठिकाणी एकाच कुटुंबाकडे सलग तीन-तीन रात्री आहेत. खर्चात फारसा फरक नाही, त्यामुळे घरातील तरुण मंडळी पहिलाच घ्या म्हणतात. आम्ही अंडी खातो, मांस खात नाही. माझ्या मनातील खरी शंका मात्र निराळी आहे. पैसे देऊन दुसऱ्याच्या राहत्या घरात पाहुणे म्हणून उतरायचे, तर त्या माणसांना आपण खरोखर हवे असतो, की आपण त्यांच्या कामात केवळ खोळंबा करतो? ज्यांनी असा प्रवास केला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तरवारा

नमस्कार ताई. कामानिमित्त मी चार वर्षे मंगोलियाच्या राजधानीत, उलानबातरला होतो आणि सुट्ट्यांमध्ये त्या देशात बराच फिरलो. निःसंकोचपणे दुसरा आराखडा निवडा.

नकाशावर मंगोलिया आटोपशीर दिसतो, पण त्याचे क्षेत्रफळ साडेपंधरा लाख चौरस किलोमीटरांहून अधिक आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचपट. आणि लोकसंख्या साधारण ३५ लाख, त्यातली निम्मी राजधानीत. उलानबातरहून दक्षिण गोबीतील दालानझादगाद हे गाव साडेपाचशे किलोमीटरांहून दूर आहे. तिथपर्यंत डांबरी रस्ता आहे, पण पुढे खोंगोरिन एल्स या वाळूच्या टेकड्यांकडे जाताना माळावर उमटलेल्या चाकोऱ्या हाच रस्ता असतो. कझाक कुटुंबांचा बायान-उल्गी प्रांत तर राजधानीपासून सोळाशे किलोमीटरांहून लांब आहे. चौदा दिवसांत हे सगळे बसवले की दिवसाचे सहा-सात तास गाडीत जातात, संध्याकाळी उशिरा कुणाच्या तरी दारात उतरायचे आणि सकाळी चहा घेऊन निघायचे. त्या कुटुंबाला तुमचे नाव कळण्याआधी तुम्ही गेलेले असता. गुडघा दुखत असताना हादरे सोसण्याचा प्रश्न वेगळाच.

गोबी म्हणजे नुसती वाळू नव्हे, हे आपण वर्गात शिकवलेच असेल. वाळूचा भाग अगदी थोडा आहे. बाकी खडी, कोरडे गवत, झाग नावाची वाळवंटी झुडपे आणि मध्येच उघडे डोंगर. योलिन आम या अरुंद दरीत हिवाळ्यातला बर्फ उन्हाळा सुरू झाला तरी टिकून असतो. बायानझागच्या लाल कड्यांपाशी १९२३ साली अमेरिकन संशोधकांना डायनोसॉरची अंडी सापडली होती. तिथे सूर्यास्ताला थांबा. ओर्खोन खोरे २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि मंगोल साम्राज्याच्या जुन्या राजधानीचे, काराकोरमचे, अवशेष व १५८६ साली स्थापन झालेला एर्देने झू मठ तिथेच आहेत.

आपण शिक्षिका आहात म्हणून एक सांगावेसे वाटते. मंगोलियन भाषेत ग्रहांची नावे आजही अंगाराग, बुद, बार्खासबाद, सुगार आणि सान्चिर अशी आहेत. अंगारक, बुध, बृहस्पती, शुक्र आणि शनैश्चर हे शब्द बौद्ध ग्रंथांबरोबर तिथवर पोहोचले. एका म्हाताऱ्या मेंढपाळाने रात्री आकाशाकडे बोट दाखवून ‘सुगार’ म्हटले, तेव्हा मी उरलेले चार शब्द त्याच्याबरोबर म्हणालो, आणि त्यानंतर दुभाष्याशिवाय आमची अर्धा तास चांगली करमणूक झाली.

माणदेशी

ताई, मी पशुवैद्य आहे आणि धनगर घरातला आहे. माझे आजोबा दिवाळीनंतर वाडा, म्हणजे मेंढरांसह फिरणारा तळ, घेऊन कोकणाकडे उतरत आणि पावसाच्या तोंडावर माघारी येत, त्यामुळे आपल्या शेवटच्या शंकेबद्दल मला आतून काही सांगता येईल.

मी जूनच्या अखेरीस ओर्खोनच्या बाजूला एका आइलवर पाच दिवस राहिलो. आइल म्हणजे एक घर, आणि दोन-तीन घरे एकत्र उतरली की तो खोत आइल. आपल्या वाड्याशी हे पुष्कळ जुळते. पाहुणा येणे ही त्यांच्याकडे नवी गोष्ट नाही. जिथे पुढचे घर दहा-वीस किलोमीटरांवर असते, तिथे वाटसरूला चहा आणि आडोसा देणे हा जगण्याचाच भाग आहे, कारण उद्या त्याच वाटेवर आपला मुलगा असू शकतो. घराजवळ येताना ‘नोखोइ खोर’, म्हणजे कुत्रे आवरा, असे ओरडायचे असते, आणि ते केवळ शिष्टाचार म्हणून नव्हे, तर कुत्री खरोखरच राखणदार असतात म्हणून.

खोळंबा होतो का, याचे उत्तर आपण कोणत्या वेळी कुठे बसतो यावर आहे. त्यांच्या उन्हाळी मुक्कामाला झुस्लान म्हणतात आणि तो दुधाचा काळ असतो. शिंगरे सकाळपासून जमिनीलगत ताणलेल्या दोरीला बांधून ठेवतात म्हणजे घोड्या लांब जात नाहीत, आणि दर दोन तासांनी धार काढतात. शिंगराला आधी लावून पान्हा सुटला की बाजूला घ्यायचे आणि चपळाईने धार काढायची. हे दूध चामड्याच्या मोठ्या पिशवीत ओतून लाकडी रवीने दिवसभर घुसळत राहतात आणि त्याचे आंबूस ऐराग होते. पिशवी दाराशीच टांगलेली असते आणि आत येणाऱ्याने चार घुसळण्या द्याव्यात अशी रीत आहे. मी पहिल्या दिवशी वही घेऊन बाजूला उभा होतो तोवर सगळे अवघडलेले होते. तिसऱ्या दिवशी बाईंनी माझ्या हातात न बोलता रवी दिली आणि त्या कोकरांकडे निघून गेल्या. एका रात्रीच्या मुक्कामात तो तिसरा दिवस येतच नाही.

जनावरांकडे पाहण्याची त्यांची रीत मला फार आवडली. घोडा, गाय-याक, उंट, मेंढी आणि शेळी ही पाच जनावरे म्हणजे त्यांचे सगळे धन, आणि त्यांत घोडा व मेंढी ‘उष्ण मुखाची’ तर उंट, गाय व शेळी ‘थंड मुखाची’ मानतात. शेळ्या-मेंढ्या रोज संध्याकाळी घराशी येतात. घोडे आणि उंट मात्र दिवसेंदिवस मोकळे असतात आणि मालक दुर्बीण घेऊन मोटारसायकलवरून त्यांचा माग काढतो. गोबीत एखाद्या उंटिणीने पिल्लाला नाकारले तर तिच्याजवळ बसून मोरिन खूर हे टोकाला घोड्याचे डोके कोरलेले तंतुवाद्य वाजवतात आणि ती पान्हवेपर्यंत गातात. हा विधी युनेस्कोने २०१५ साली तातडीने जपण्याच्या वारशांत घेतला. पाहुण्यांच्या सोयीसाठी तो ‘दाखवा’ अशी मागणी कृपया करू नका. तो वसंतात, गरज पडली तरच करायचा असतो.

एक मोठा फरक सांगतो. आमच्या आजोबांना प्रत्येक मुक्कामाला कुणाच्या तरी रानात मेंढरे बसवण्याची परवानगी लागे आणि लेंडीखताच्या बदल्यात धान्य मिळे. तिथे कुरणाला खाजगी मालकच नाही. त्या माळावर मैलोन्मैल एकही बांध दिसत नाही, हे पाहून मला आजोबांची फार आठवण झाली.

वैद्यकीय सूचना एवढीच, की न उकळलेले दूध टाळा, कारण तेथील जनावरांत ब्रुसेलोसिस हा कच्च्या दुधातून माणसालाही होणारा रोग आढळतो. मीठ घातलेला दुधाचा चहा उकळलेला असतो, तो निश्चिंतपणे प्या. ऐराग ओठांना लावून मान राखला तरी कुणी रागावत नाही.

गोदातीर

मी माझ्या शाकाहारी आईला घेऊन गेल्या वर्षी गेले होते. त्या प्रदेशात भाजीपाला फारसा पिकत नाही आणि सूप, शेवया, मोमोसारखे बूझ या सगळ्यांत मांस असते, त्यामुळे ‘मिळेल काहीतरी’ यावर विसंबू नये. आम्ही मुगाची डाळ, तांदूळ, भाजलेला रवा, मेतकूट, दाण्याची चटणी आणि गोडा मसाला नेला होता. वाटाड्याने कुटुंबाला आधी कळवले होते, म्हणून वेगळे पातेले मिळाले आणि आईने शेणीवर खिचडी केली. तिथे लाकूड नसल्याने रानशेणीच जाळतात, त्यांना ते आरगाल म्हणतात, आणि तो वास आईला आजोळचा वाटला. घरच्या मुलांनी मेतकूट-भात आवडीने खाल्ला. आपल्यासाठी तेथील साय, दही, ताजे लोणी आणि बोर्त्सोग हे तळलेले पीठ चालण्यासारखे आहे; आरूल हे वाळवलेले दही मात्र दातांना फार कठीण लागते. तळण चरबीतले नाही ना, एवढे विचारून घ्या.

शौचालय म्हणजे घरापासून दूर खड्ड्यावर ठोकलेल्या दोन फळ्या. गुडघ्यासाठी घडीची खुर्ची-कमोड मुंबईहूनच न्या. तंबूत बसायला बुटकी स्टुले असतात, त्याऐवजी भिंतीकडेच्या पलंगावर बसण्याची परवानगी वाटाड्याकरवी मागा. जुलैतही रात्री गारठा असतो, तेव्हा स्वेटर आणि कानटोपी हवीच.

कृष्णाकाठ

आपण तिघांनीही इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल आभारी आहे. दुसरा आराखडा आम्ही नक्की केला. दोन गोष्टी अजून विचारते. तंबूत वागण्याचे कोणते नियम चुकू नयेत? आणि कुटुंबाला पैसे थेट द्यावेत का? आपण भरलेल्या रकमेतून त्यांच्या हाती किती पडते, हे संयोजकाला विचारणे उद्धटपणाचे ठरेल का?

उत्तरवारा

विचारणे उद्धटपणाचे नाही, आवश्यक आहे. ‘दर रात्री दर माणशी कुटुंबाला किती देता आणि ते आमच्यासमोर देता का’ असे स्पष्ट विचारा. ज्याचे त्या कुटुंबाशी खरे संबंध आहेत तो लगेच सांगतो. त्याच्याबरोबर हेही विचारा की वाटाड्या त्या घरी याआधी किती वेळा गेला आहे. माझ्या पहिल्या प्रवासात वाटाड्यालाच यजमान ठाऊक नव्हते; आम्ही तीन दिवस एकमेकांकडे पाहून हसत बसलो. दुसऱ्या वेळी वाटाड्या त्याच जिल्ह्यातला होता आणि पोहोचताच त्याने गवत कसे आहे, जनावरे धष्टपुष्ट आहेत का, अशी रीतसर विचारपूस सुरू केली, तेव्हा सगळे घर खुलले.

पैशाबाबत मन मोकळे ठेवा, कारण त्या घराला त्याची खरी गरज असते. १९९० नंतर सामूहिक पशुपालन संस्था मोडल्या, कळप खाजगी झाले, आणि काश्मिरी लोकरीला भाव असल्याने शेळ्या फार वाढल्या. शेळी गवत मुळाशी खाते, म्हणून कुरणे उजाड होत चालली आहेत. त्यात झुद येतो. कोरड्या उन्हाळ्यामागून कडक हिवाळा आला आणि गवतावर बर्फाचा थर बसला की जनावरे उभ्याउभ्या उपाशी मरतात. २०२३-२४ च्या हिवाळ्यात सत्तर लाखांहून अधिक जनावरे गेली. असा हिवाळा सोसलेल्या घराला पाहुण्यांकडून मिळणारी रोख रक्कम चारा आणि मुलांच्या वसतिगृहाचा खर्च यांसाठी उपयोगी पडते.

तंबूचे दार दक्षिणेकडे असते. उंबरठ्यावर पाय देऊ नका. हे आपल्याला सांगायला नकोच. आत शिरल्यावर डावीकडे, म्हणजे पश्चिमेला, पाहुण्यांनी बसावे. समोरची उत्तरेकडील जागा, खोइमोर, ज्येष्ठांची आणि देवाची. मधल्या दोन खांबांमधून जाऊ नये आणि वस्तूही देऊ नये. चुलीकडे पाय करू नये, तिच्यात कचरा टाकू नये. वाटी उजव्या हाताने घ्यावी आणि डावा हात कोपराला लावावा.

माणदेशी

भेटीबद्दल थोडेसे. मुलांना गोळ्या-बिस्किटे वाटू नका; सौर विजेरी, चांगला सुरा, सुया-दोरे, वह्या अशा वस्तू नेऊन घरातील ज्येष्ठ बाईंच्या हाती दोन्ही हातांनी द्या. छायाचित्रे काढली तर कागदावर छापून वाटाड्यामार्फत पाठवा. मी पाठवलेले छायाचित्र पुढच्या उन्हाळ्यात माझ्या एका सहकाऱ्याने खोइमोरवरच्या चौकटीत, त्या घरचे आजोबा आणि त्यांचे शर्यतीचे घोडे यांच्या छायाचित्रांमध्ये लावलेले पाहिले.

तारखांविषयी एवढेच, की ११ ते १३ जुलै हे नादाम या राष्ट्रीय उत्सवाचे दिवस टाळा, कारण तेव्हा सगळे घर कुस्ती आणि शर्यतींना जाते आणि गाड्याही मिळत नाहीत. किंवा आधीच सांगून त्या कुटुंबाबरोबरच त्यांच्या गावच्या छोट्या नादामला जा. आपल्या यजमानांना कुस्तीची आवड असेल तर मी हा दुसरा पर्याय सुचवीन.