एम ३५ ए २ ट्रकचा मागचा एक एक्सल काढून ट्रक आखूड करण्याविषयी

दगडवाट (प्रश्न):
लष्कराच्या सेवेतून बाद होऊन लिलावात निघालेला एम ३५ ए २ हा अडीच टनी ट्रक मी घेतला आहे. इंजिन, गिअरबॉक्स आणि तिन्ही एक्सल उत्तम स्थितीत आहेत. अडचण आहे ती केवळ लांबीची. झाडीतल्या अरुंद वाटेवर वळताना मागची आठ चाके फरफटतात, माती उकरली जाते आणि जवळजवळ प्रत्येक वळणावर गाडी मागेपुढे घ्यावी लागते. म्हणून सर्वांत मागचा एक्सल काढून टाकावा, मधला एक्सल सध्याच्या स्प्रिंगांसह जागच्या जागी ठेवावा, त्यामागची चासी कापावी आणि हौदा आखूड करावा, असा माझा विचार आहे. गाडीत जळाऊ लाकूड आणि अवजारे वाहायची असून ओझे दीड टनाच्या पुढे जाणार नाही. हा बेत योग्य आहे का, आणि कापाकापीला हात घालण्यापूर्वी काय काय ठरवून घ्यावे, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

चासीवाला:
एक्सलची जागा आपण योग्य निवडली आहे, परंतु "सध्याच्या स्प्रिंगांसह" हे होणे नाही. या ट्रकच्या मागच्या स्प्रिंगा चासीला दोन्ही टोकांनी टांगलेल्या नसतात. त्या उलट्या बसवलेल्या असून मध्यभागी ट्रनियनवर (चासीला बसवलेल्या आडव्या खुंटीवर) फिरतात, आणि त्यांचे एक टोक मधल्या एक्सलवर तर दुसरे मागच्या एक्सलवर नुसते टेकलेले असते. तराजूच्या दांडीचे एक पारडे काढून घेतल्यावर जे होईल तेच येथे होते: एका टोकाला टेकायला काही उरत नाही, स्प्रिंग फिरते आणि चासी खाली बसते. शिवाय एक्सल पुढेमागे सरकू नये, आणि इंजिनाच्या ओढीने किंवा ब्रेकच्या झटक्याने तो स्वतःभोवती फिरू नये, हे काम या रचनेत टॉर्क रॉड करतात, स्प्रिंगा नव्हे.

म्हणून मागे संपूर्ण नवी बांधणी करावी लागते. पुढच्या एक्सलला असतात तशा पाट्यांच्या स्प्रिंगा, एक टोक हँगरमध्ये (चासीवरच्या पक्क्या कंसात) पक्के आणि दुसरे शॅकलवर (झुलत्या कडीवर), असे केल्यास टॉर्क रॉडची गरज राहत नाही. त्यासाठी काही जण अशाच दुसऱ्या ट्रकच्या पुढच्या स्प्रिंगा घेतात, तर काही जण एम १०५ या दीड टनी लष्करी ट्रेलरचे सामान वापरतात. त्या ट्रेलरचा हौदाही आखूड चासीवर चांगला बसतो, त्यामुळे मूळ बारा फुटी हौदा कापत बसण्याचे कष्ट वाचतात.

आता जागेविषयी. पुढच्या एक्सलपासून मागच्या जोडीच्या मध्यापर्यंत १५४ इंच, म्हणजे सुमारे ३.९ मीटर अंतर आहे, आणि जोडीतल्या दोन एक्सलमध्ये ४८ इंच. अर्थात मधल्या एक्सलच्या जागी चाकतळ (पुढच्या-मागच्या एक्सलमधले अंतर) १३० इंच, म्हणजे ३.३ मीटर होतो. तेथे एक्सल ठेवल्यास ट्रान्सफर केसकडून (गिअरबॉक्सची ओढ पुढच्या-मागच्या एक्सलना वाटणाऱ्या पेटीकडून) येणारा प्रोपेलर शाफ्ट जवळजवळ जसाच्या तसा चालतो, हा या जागेचा सर्वांत मोठा फायदा आहे. मात्र त्या जागी मधला एक्सल न ठेवता मागचा आणून बसवावा, असे मी सुचवीन. मधल्या एक्सलमधून शाफ्ट आरपार जातो आणि मागच्या बाजूला मागच्या एक्सलच्या जोडणीसाठी योक (शाफ्ट अडकवायचा दुभंगी तुकडा) असतो. तो राहिला तर ते तोंड नीट बंद करण्याचे जादा काम अंगावर येते. मागच्या एक्सलचे ते तोंड मुळातच बंद असते.

चासी सर्वांत शेवटी कापावी. एक्सल बसला, हौदा वर ठेवून पाहिला, मागे किती भाग लोंबतो हे मोजले, की मगच कापणीची रेघ मारावी. ओढण्याचा हूक ज्या आडव्या पट्टीवर आहे, ती रिव्हेट काढून पुढे आणावी आणि उच्च ताकदीच्या बोल्टांनी जोडावी. नवी भोके चासीच्या चॅनलच्या (इंग्रजी सी आकाराच्या लांब पट्टीच्या) उभ्या भागातच पाडावीत. वरच्या-खालच्या कडांवर सर्वाधिक ताण येतो, तेथे भोक पाडू नये की आडवी वेल्डिंगही करू नये.

ब्रेकतेल:
वरील उत्तर स्प्रिंगांबाबत परिपूर्ण आहे. मी ब्रेकविषयी लिहितो, कारण तो विषय बहुतेकांना शेवटी आठवतो. आज आपल्या गाडीला सहा ड्रम आहेत, उद्या चार राहतील. ब्रेकची एक तृतीयांश क्षमता कमी होते, पण गाडीचे वजन काही एक तृतीयांशाने घटत नाही. रिकाम्या ट्रकचे वजन सुमारे ५,९०० किलो धरले, तरी एक एक्सल, चार चाके आणि हौद्याचा तुकडा गेल्याने त्यातून दोन टन जातील असे मला वाटत नाही. त्यामुळे लायनिंग, व्हील सिलिंडर आणि हवेच्या दाबाने चालणारा बूस्टर हे सर्व नव्यासारखे असल्याशिवाय गाडी ओझे घालून उतारावर नेऊ नये. काढलेल्या एक्सलकडे जाणारी ब्रेकची नळी चेपून बंद करण्याची पद्धत मी पाहिली आहे, ती अत्यंत धोक्याची आहे. या ट्रकचे हायड्रॉलिक मंडळ एकेरी आहे. एका ठिकाणी गळती झाली की चारही चाकांचा ब्रेक जातो. नळी मुळापासून सोडून जोडणीला योग्य प्लग लावावा.

आणखी एक गोष्ट. हँडब्रेकचा ड्रम चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे आहे. प्रोपेलर शाफ्ट सोडताक्षणी हँडब्रेक नाममात्र उरतो, म्हणून शाफ्टचा पहिला बोल्ट ढिला करण्याआधी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओट (चाक अडवणारे ठोकळे) लावलेले असावेत.

गियरची_कुरकुर:
मी वेगळे मत मांडतो. मागच्या दोन एक्सलची जोडी खड्ड्यांतही चाके जमिनीला धरून ठेवते, आणि चिखलात आठ टायरांवर विभागलेले वजन गाडी रुतू देत नाही. हे दोन्ही आपण घालवून बसणार आहात. केवळ वळणाची अडचण असेल, तर हीच रक्कम आणि श्रम मुळात दोन एक्सलच्या एखाद्या ट्रकवर खर्च करावेत. तरीही करायचेच असेल, तर मागे जोडीच्या टायरांऐवजी एकेक मोठा टायर लावताना पुढेही तोच टायर लावा. ज्या ट्रान्सफर केसमध्ये स्प्रॅग (एकाच दिशेने पकडणारा क्लच) आहे, तिथे मागची चाके पुढच्यांपेक्षा जास्त फिरू लागली की पुढची ओढ आपोआप जोडली जाते. पुढचे-मागचे टायर वेगळ्या व्यासाचे असतील तर ती एक तर सतत जोडलेली राहील किंवा हवी तेव्हा जोडलीच जाणार नाही.

दगडवाट:
सर्वांचे आभार. दुसरा ट्रक घेण्याचा विचार नाही, कारण हा हाताशी आहे आणि वाट चिखलाची नसून खडकाळ आहे. चासीवाला यांना दोन शंका विचारतो: एकट्या एक्सलला दीड टन झेपेल का, आणि स्प्रिंगची बैठक एक्सलवर वेल्ड करताना कोन कसा धरावा?

चासीवाला:
मूळ ट्रकची क्षमता कच्च्या वाटेवर ५,००० पौंड, म्हणजे सुमारे २,२७० किलो, आणि पक्क्या रस्त्यावर त्याच्या दुप्पट ठरवलेली होती. तेव्हा दीड टनाला एक्सल कमी पडणार नाही. मर्यादा स्प्रिंगा आणि टायर ठरवतील, म्हणून त्यांची क्षमता पाहूनच ते निवडावेत.

बैठका आधी फक्त वेल्डिंगच्या लहान टाक्यांनी जोडाव्यात. मग गाडी चाकांवर उतरवून, हौदा चढवून, ट्रान्सफर केसच्या फ्लँजचा (शाफ्ट जोडायच्या चकतीचा) आणि एक्सलच्या फ्लँजचा कोन मोजावा. दोन्ही समान आणि शाफ्टचे दोन्ही योक एका रेषेत असले पाहिजेत, नाहीतर वेग वाढताच थरथर सुरू होते. ओझ्याने स्प्रिंग सपाट झाली की एक्सल किंचित मागे सरकतो, म्हणून शाफ्टच्या सरकत्या जोडात दोन्ही दिशांना जागा ठेवावी. पक्की वेल्डिंग थोडीथोडी, बाजू बदलत आणि थंड होऊ देत करावी, कारण एका दमात केल्यास एक्सलची नळी वाकते. वेल्डिंगच्या अर्थिंगची तार त्या बैठकीजवळच लावावी, म्हणजे प्रवाह बेअरिंगमधून जाणार नाही, आणि गाडी २४ व्होल्टची असल्याने दोन्ही बॅटऱ्या आधी सोडाव्यात. बदललेल्या गाडीची नोंदणी कार्यालयाकडून तपासणी करून घ्यावी लागेल. त्यासाठी मोजमापांसह आराखडा आत्ताच काढून ठेवावा, नंतर आठवून काढणे जड जाते.